ना-हरकत

कळमनुरी,
दि. ६ जून २०२४

चि. शिवशंकर यास,

शेषरावचे अनेक आशीर्वाद. इकडे आमी सगळे ठीक आहोत, तुमचं कसं काय ते कळवत जावं.

चार दिवस झाले तू फोन करून राहिलास, असं तुझ्या वहिनीनं पाटीवर लिहून दाखवलं. फोनवर मला आता काहीच उमजत न्हाई. कानात यंत्र घातलं की भांड्यांचा आवाज मोठा येतो, माणसाचा शब्द मात्र येत न्हाई. म्हणून हे पत्र. पस्तीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता आपली लिहायला सवड आहे.

मुख्य गोष्ट अशी की पालिकेनं पावसाळ्याआधी सगळ्या बंद घरांना नोटिसा लावल्या. तुझ्याही दाराला एक चिकटवली. आवारातली झाडी काढा, छपराचे सुटलेले पत्रे बांधा, नाली मोकळी करा, न केल्यास पालिका करून खर्च घरपट्टीत लावील, असा मजकूर. तू कुठं रजा काढून येणार? मी आणि रणजीतनं मिळून दोन दिवसांत सगळं साफ केलं. रणजीत म्हणजे आपल्या समोरचा, मोटारपंप रिवायंडिंगवाला. तू त्याला इसरला असशील, तो तुला इसरला न्हाई. पत्र्यावर चढताना त्यानं विचारलं की शिवशंकर कंपनीत सुपरवायझर झाला खरा, पण त्याच्या घरातल्या घुशींवर सुपरवायझर कोण आहे. मला ऐकू यावं म्हणून त्यानं ते तीनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा अख्ख्या गल्लीला कळलं.

प्रियंका सासरहून आलेली आहे. राहील थोडे दिवस. आणखी एक, आपल्या दोन घरांमधल्या बोळात मी एक खोली काढून राहिलो. वर पत्रेच टाकीन. तू आलास की बोलू.

सौ. मिनास आशीर्वाद. साक्षीला परीक्षेबद्दल माझी शाबासकी सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
शेषराव


छत्रपती संभाजीनगर,
दि. २० जून २०२४

ती. भाऊंस,

शिवशंकरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. या वयात तुम्ही माझ्या घराच्या पत्र्यावर चढलात हे वाचून मलाच खाली बघावंसं वाटलं. रणजीतदादांना माझा नमस्कार सांगा. घुशींचा पगार माझ्याकडून थकला आहे, असंही सांगा.

बोळाचं मात्र मला समजलं नाही. आबांनी जागेची वाटणी करताना बैलगाडी आत जावी म्हणून अकरा फूट मोकळे सोडले, साडेपाच तुमचे, साडेपाच माझे. बैलगाडी गेली, पण माझ्या दोन्ही खिडक्या त्याच बोळात उघडतात. गेल्या आठवड्यात गावाकडच्या एकानं मोबाईलवर फोटो पाठवला. भिंत माझ्या हद्दीत तीनेक फूट आलेली दिसते आणि रस्त्याच्या बाजूला शटर दिसतं. राहायच्या खोलीला शटर कशाला, भाऊ? दुकान काढून भाड्यानं द्यायचं असेल तर आपल्याला विचारायला काय झालं होतं, असं मिना म्हणाली. तिला मी गप्प केलं, पण विचारतो मीही तेच. शिवाय दोन घरांत ठरावीक अंतर मोकळं ठेवावंच लागतं, असा पालिकेचा नियम आहे. मी येईपर्यंत काम थांबवावं, एवढी विनंती.

वहिनींना नमस्कार. प्रियंका अजून आहे का? जावईबापू कसे आहेत? उत्तराची वाट बघतो. तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
शिवशंकर


कळमनुरी,
दि. ४ जुलै २०२४

चि. शिवशंकर यास,

आशीर्वाद. तुझं पत्र येण्याआधीच पत्रे चढले होते. आता थांबवायचं काय?

फोटो कुणी पाठवला ते मी विचारत न्हाई. तुझे साडेतीन फूट गेले हे खरं आहे. खिडकीला दोन फूट हवा सोडली आहे. ते फूट मी खाऊन बसणार न्हाई. माणसाच्या घरातल्या काही गोष्टी पत्रात मांडता येत न्हाईत. तू पोळ्याला ये, तुला सगळं सांगतो. तवर मोठ्या भावावर भरोसा ठेव, एवढंच.

मिनाला म्हणावं, भाडेकरू ठेवला न्हाई.

शेषराव


कळमनुरी,
दि. २२ ऑगस्ट २०२४

चि. शिवशंकर यास,

अनेक आशीर्वाद. महिन्याच्या वर झालं, तुझी चिठ्ठी न्हाई. कामाचा व्याप असेल.

इकडे तकलीफ आली आहे. कुणीतरी माझ्या खोलीची पालिकेत तक्रार केली. गेल्या आठवड्यात इंजिनिअर साहेब टेप घेऊन आले, बोळ मोजला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना बांधकाम, सामासिक अंतर, म्हणजे दोन घरांमधलं मोकळं अंतर, सोडलं न्हाई. तक्रार कुणी केली ते सांगत न्हाईत, तसा नियम आहे म्हणतात.

आता तुला लपवून उपयोग न्हाई. खोली प्रियंकाची आहे. ती थोड्या दिवसांसाठी आलेली न्हाई, कायमची आली आहे. सेनगावचं घर सोडून तिला चौदा महिने झाले. जावयाचं दुसऱ्या एका बाईसोबत आधीपासून घर होतं, लग्नाच्याही आधीपासून. हे तिला तीन वर्षांनी कळलं. ती आली तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणि शिलाई मशीन, एवढंच घेऊन आली. बाहेरच्या बायका कपडे शिवायच्या निमित्तानं घरात येऊन तिला पडद्याआडून बघत, मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसे. म्हणून रस्त्याकडून दार असलेली खोली काढली. आता दोन मशिनी आहेत. चार पोरी शिकायला येतात. गेल्या महिन्यात तिनं बाहेर पाटी लावली आणि पाटी लावताना ती हसली, ते मी बघितलं.

तुला काहून सांगितलं न्हाई म्हणशील. स्थळ तू आणलं होतंस. तुझ्या कंपनीतल्या माणसाच्या नात्यातलं. तू मनाला लावून घेशील, मिनाशी भांडशील, त्या माणसाशी भांडशील, म्हणून तुझ्या वहिनीला आणि पोरीला मीच गप्प ऱ्हायला सांगितलं. थोडी लाजही होती, खोटं काहून बोलू.

साहेब माणूस बरा आहे. त्यानं एक वाट सांगितली. बोळ दोघांचा आहे, तर शेजारच्या मालकाची, म्हणजे तुझी, लेखी ना-हरकत जोडून दोघांच्या नावानं अर्ज दिला तर खोली नियमात बसते का ते बघता येईल. हमी न्हाई, पण निकाल लागेपर्यंत हात लावणार न्हाईत. मुदत वीस सप्टेंबर. तर तेवढा कागद नोटरी करून रजिस्टर पोस्टानं पाठव. बाकी मी करतो.

तक्रार रणजीतनं केली असावी. गेल्या वर्षी त्याच्या दुकानाचं पुढचं छप्पर पालिकेनं काढलं, तेव्हा तो म्हणाला होता की नियम लावायचा तर गल्लीतल्या सगळ्यांना बराबर लावा. मी त्याच्या दुकानावर बसणं सोडलं आहे.

मिनास, साक्षीस आशीर्वाद. कागदाची वाट बघून राहिलो.

तुझा,
शेषराव


छत्रपती संभाजीनगर,
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. भाऊंस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. लग्नात प्रियंकाचा हात जावयाच्या हातात देताना मीच पुढे होतो. तिला माझा आशीर्वाद सांगा, घेणार असेल तर.

ना-हरकतीचं मी बघतो. सध्या कंपनीत सुट्टी मिळत नाही, नोटरीकडे जायला वेळ होत नाही. गणपती बसले आहेत, त्यात दोन दिवस गेले. लवकरच पाठवतो.

रणजीतदादांबद्दल मात्र घाई करू नका. पुरावा नसताना माणसाला काही बोलू नये. त्यांनी केली नसेलही.

वहिनींच्या गुडघ्यांची काळजी घ्या. आमच्यावरचं प्रेम कमी करू नका.

आपला,
शिवशंकर


कळमनुरी,
दि. ३ ऑक्टोबर २०२४

चि. शिवशंकर यास,

आशीर्वाद.

तुझा कागद आला न्हाई. दहा सप्टेंबरपासून मी रोज पोस्टात जाऊन बसत होतो. जुने सोबती हसायचे, शेषरावला घरी करमत न्हाई म्हणायचे. वीस तारखेला संध्याकाळी मी पालिकेत गेलो आणि चार दिवस आणखी मागितले. साहेबांनी सहा दिले. सत्तावीसला माणसं आली.

कुणी दांडगाई केली न्हाई. सामान काढायला वेळ दिला. मशिनी प्रियंकानं आणि पोरींनीच उचलून आत आणल्या. पत्रे काढले, शटर काढलं, मग भिंत पाडली. मला आवाज आला न्हाई. धूळ उठली तेवढी दिसली. तुझी वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. प्रियंका शेवटपर्यंत बाहेर होती. नंतर तिनं पाटीवर लिहिलं, "बाबा, काकांनी का पाठवलं नाही?" मी तिला सांगितलं की टपालात गहाळ झालं असेल. पस्तीस वर्षं मी टपालखात्याची बाजू घेतली, त्या दिवशी टपालखात्यावर खोटा आळ घातला.

आतल्या खोलीत उजेड पुरत न्हाई, पोरी येईनाशा झाल्या. आता प्रियंका सकाळच्या एसटीनं हिंगोलीला जाते. सुनिताबाई म्हणून एक आहेत, त्यांच्याकडे ड्रेस कटिंगचं काम मिळालं. रात्री आठला येते.

रणजीतचं सांगायचं राहिलं. तू घाई करू नका लिहिलंस, पण तुझं पत्र येण्याआधीच होऊन गेलं होतं. पोळ्याच्या दिवशी, बैल मिरवताना, चार माणसांत मी त्याला म्हटलं की समोर बसून माझ्या लेकीच्या पोटावर पाय दिलास. मला माझा आवाज किती मोठा झाला ते कळत न्हाई. तो काही बोलला न्हाई. निदान त्याचे ओठ हलले न्हाईत. आठ दिवसांत दुकान बंद करून तो कनेरगाव नाक्याला लेकीकडे गेला.

तुला काही मागायचं म्हणून हे लिहिलं न्हाई. झालं ते कळवलं.

शेषराव


छत्रपती संभाजीनगर,
दि. १३ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊंस,

नमस्कार. पुढचं वाचून तुम्हाला हा नमस्कार नको वाटला तर परत करा.

तक्रार मी केली.

जुलैच्या शेवटी, कंपनीच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर. चार मिनिटंही लागली नाहीत. तो फोटो जोडला, विनापरवाना बांधकाम असं लिहिलं, नाव गुप्त ठेवावं अशी खूण केली आणि पुन्हा जेवायला बसलो. तुमच्या पत्रातल्या भरोसा ठेव या शब्दांचाच मला राग आला होता. वाटलं, मोठेपणाच्या नावाखाली भाऊ माझी जागा दाबून बसले. पालिकेचा माणूस येईल, तुम्हाला दोन शब्द सांगेल, मग तुम्ही मला विचाराल आणि आपण बोलू, एवढंच मला हवं होतं. कागद एकदा टेबलावर गेला की तो आपल्या सांगण्यानं थांबत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

तरीही तेवढंच असतं तर मी तुमच्या पाया पडून मोकळा झालो असतो. त्यापुढचं वाईट आहे. तुमचं बावीस ऑगस्टचं पत्र आलं आणि मी दुसऱ्या दिवशी ना-हरकत लिहिली. चार सप्टेंबरला नोटरी झाली. सुट्टी मिळत नाही असं मी आठ तारखेला तुम्हाला लिहिलं तेव्हा तो कागद माझ्या बॅगेत होता. दोनदा पोस्टापर्यंत गेलो. मनात एकच, की तक्रार ज्याच्या नावानं त्याच्याच नावानं ना-हरकत, हे तिथल्या बाबूला दिसणार आणि तो तुमच्यासमोर दोन्ही कागद शेजारी ठेवणार. तुम्हाला कळू नये म्हणून मी थांबलो. आज उद्या करता करता वीस तारीख गेली. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, भाऊ. हे सगळ्यात वाईट आहे म्हणून तेही लिहितो.

प्रियंकाला कागद टपालात गहाळ झाला असं सांगू नका. खरं सांगा.

मिनाला काल सांगितलं. माझं घर बंद पडून आहे, पुढच्या खोलीत भरपूर उजेड आहे. प्रियंकानं मशिनी तिथं मांडाव्यात, लागेल ती परवानगी मी स्वतः येऊन पालिकेतून काढतो. रणजीतदादांकडे मी जातो, तुम्ही म्हणाल त्या दिवशी.

क्षमा मागत नाही. उत्तर पाठवा एवढंच मागतो.

शिवशंकर


(पोस्टकार्ड)

कळमनुरी,
दि. २८ ऑक्टोबर २०२४

शिवशंकर,

पत्र पोचलं.

शेषराव


कळमनुरी,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,

प्रियंकाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी बाबांना सांगून लिहिते आहे, दाखवून नव्हे.

तुमचं पत्र बाबांनी तीन दिवस खिशात ठेवलं. मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, हे तुझ्याबद्दल आहे, तूच वाच. तुमच्याविरुद्ध ते एक शब्द बोलले नाहीत. आई बोलली, ते मी लिहीत नाही.

दिवाळी झाल्यावर बाबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही कनेरगाव नाक्याला गेलो. तुमची वाट बघायला ते तयार नव्हते. रणजीतकाका लेकीकडे, राणीताईकडे राहतात. ढाब्याच्या बाजूला टेबल टाकून पंपाच्या मोटारींत तार भरतात. बाबांनी उभ्या उभ्याच हात जोडले आणि म्हणाले, "रणजीत, तक्रार माझ्या भावानं केली होती. मी तुला चार माणसांत बोललो, म्हणून चार माणसांत चुकलो म्हणतो." आवाज इतका मोठा झाला की जेवणारे ट्रकवाले घास हातात धरून बघत राहिले.

काकांनी तारेचं वेटोळं पूर्ण केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, चाळीस वर्षांत एक डाव मला विचारायचं होतं."

बाबा माझ्याकडे बघून राहिले. बाबांसाठी लिहायची वही माझ्या हातात होती. काकांनी माफ केलं, असं लिहावं असं मनात आलं होतं. बाबांना कधीच कळलं नसतं. पण आपल्या घरात एकमेकांना त्रास नको म्हणून लपवणं फार झालं. मी शब्द होते तसे लिहिले. बाबांनी वाचलं, मान हलवली. राणीताईनं चहा दिला. काका आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले, बाबांना हात धरून पायरीवर चढवलं. पण कळमनुरीला परत येणार नाहीत. समोरचं घर विकायला काढलं आहे.

तुमच्या घराचं. मी दोन आठवडे विचार केला. नको, काका. सुनिताबाईंनी पगार थोडा वाढवला आहे. डिसेंबरपासून मी आणि तिथलीच एक मुलगी हिंगोलीत खोली घेऊन राहू. शिकायला येणाऱ्या चारपैकी दोघी अजून विचारतात, त्यांना रविवारी शिकवीन. तुमची खोली उजेडाची आहे हे मला माहीत आहे, लहानपणी तिथंच खेळले. पण माझ्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवलेल्या खोलीत आता बसवत नाही.

स्थळ तुम्ही आणलं याचा मला राग नव्हता. तुम्हीही फसलात. खोली पाडली तेव्हाही नव्हता, पालिकेच्या लोकांनी नियम होता तो केला. राग एका गोष्टीचा आहे. बाबांनी माझ्यासाठी खोली काढली आणि मला गप्प बसवलं. तुम्ही फोटो बघितला, तक्रार केली, कागद लिहिला, बॅगेत ठेवला. हे सगळं माझ्याभोवती चाललं होतं आणि माझा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये होता. मीही लावला नाही, तेवढी चूक माझी. तुम्ही दोघं माझ्याबद्दल एकमेकांना पत्रं लिहीत राहिलात, माझ्या वाट्याला फक्त आशीर्वाद आला.

आता माझं एक ऐका. बाबा रोज दुपारी कागद घेऊन बसतात. वर तारीख घालतात, चि. शिवशंकर यास एवढं लिहितात आणि थांबतात. असे चार कागद मला गादीखाली सापडले. ते पुढे काय लिहिणार होते ते मला माहीत नाही, त्यांनाही नसावं. फोन त्यांना ऐकू येत नाही. समोर आलात तर ते तोंड फिरवतील आणि मग तुमचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच राहणार नाही. पत्र मात्र ते वाचतात. म्हणून लिहीत राहा. माफी लिहू नका, कबुली एकदा झाली. साक्षी काय शिकते ते लिहा, तिकडे पाऊस किती झाला ते लिहा, वांग्याचा भाव लिहा.

उत्तर येईल असं मी सांगत नाही. पण सकाळी अकराला नवा पोस्टमन गल्लीत शिरतो, तेव्हा बाबा दारात उभे असतात, असं आई सांगते. तो पुढे निघून गेला की मग आत येतात.

मिनाकाकूंना नमस्कार, साक्षीला गोड पापा. माझ्याकडून लोभ आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की कळवीन.

आपली,
प्रियंका